हिवाळ्याची बेगमी

वर्षाच्या खाण्याची तजवीज एका ठरलेल्या ऋतूत, चार घरांतले हात एकत्र आणून, उरकून घेण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे उन्हाळ्याच्या वाळवणांना लागू आहे, तोच कोरिया देशात हिवाळ्याच्या तोंडाशी कोबीला लागू आहे. तिकडे या सामुदायिक कर्माला किमजांग म्हणतात, आणि त्यातून जो तिखट, खारा व पुढे आंबट होत जाणारा पदार्थ सिद्ध होतो तो किमची. युनेस्कोने २०१३ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत दक्षिण कोरियाच्या नावे जी नोंद केली, ती पदार्थाची नसून तो मिळून करण्याच्या आणि वाटून घेण्याच्या प्रथेची आहे. आणि ही नोंद किती यथार्थ आहे, हे मला कोरियास न जाता, छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या आमच्या शेजारच्या कोरियन बिऱ्हाडाच्या गच्चीवर कळले. कर्मभूमी सुटली तरी कर्म सुटत नाही आणि ते परक्या पाण्याने, परक्या मिठाने, परक्या उन्हाने पुन्हा शिकावे लागते, आणि या पुन्हा शिकण्यातच परमुलखातील वास्तव्याचे पुष्कळसे सुख साठवलेले असते, असे त्या शेजारीणबाईंच्या सहवासात मला वाटू लागले. तो सारा व्यवहार जसा पाहिला तसा येथे सांगत आहे.

कोरियन कुटुंबे आमच्या शहरात दिसू लागली ती शेंद्र्याच्या माळावर ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहिल्यापासून. ७ सप्टेंबर २०१९ रोजी तिचे लोकार्पण झाले आणि कोरियाच्या ह्योसंग उद्योगाने तेथे ताणल्या जाणाऱ्या स्पँडेक्स धाग्याचा कारखाना घातला. यंत्रांबरोबर माणसे आली, माणसांबरोबर त्यांची मुलेबाळे आली, आणि दोन-चार वर्षांच्या मुक्कामाच्या बोलीने का होईना, जालना रस्त्याच्या बाजूच्या वसाहतींत त्यांची बिऱ्हाडे थाटली गेली. या शहराला परस्थ माणूस नवा नाही. १६१० साली खडकी या नावाने ते ज्याने वसवले तो मलिक अंबर जन्माने हबशी होता, आणि त्याने बांधलेल्या नहरीचे पाणी पिऊन ज्या पिढ्या वाढल्या त्या सगळ्यांनी त्याचे नाव आपलेच मानले. त्याच्याही आधी, १३२७ च्या सुमारास, महंमद तुघलकाच्या हुकुमाने दिल्लीची वस्ती देवगिरीकडे चालून आली, तिच्या मागोमाग आलेला म्हणून सांगितला जाणारा नान-खलिया हा पदार्थ आज शहराचा अभिमान झाला आहे. कोरियाच्या बाजूनेही हा रस्ता अगदीच अनोळखी नव्हे. आठव्या शतकात सिल्ला राज्यातला ह्येचो नावाचा तरुण भिक्षू बुद्धाच्या भूमीचे दर्शन घेत दक्षिण आणि पश्चिम हिंदुस्थानापर्यंत हिंडला; त्याच्या प्रवासवृत्ताची खंडित पोथी १९०८ साली पॉल पेलियो या फ्रेंच पंडिताला तुनहुआंगच्या गुहेत सापडली.

किमजांगचा मुहूर्त कोरियात हवामान ठरवते. दिवसाचे सरासरी तापमान चार अंशांच्या खाली आणि रात्रीचे शून्याच्या खाली उतरू लागले, की कोबी मिठात घालण्याची वेळ झाली असे समजतात. आणि कोणत्या प्रांतात ही वेळ कोणत्या तारखेस येईल याचे अंदाज वृत्तपत्रांत छापून येतात. पूर्वी या खर्चासाठी नोकरदारांना पगाराखेरीज वेगळी रक्कम देण्याचाही दस्तूर होता, आपल्याकडे दिवाळीची बक्षिसी देतात तसा. संभाजीनगरात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर आला तरी लोक कानटोप्या बाहेर काढतात, आणि त्याच दिवशी दुपारी गच्चीवर उघड्या डोक्याने उभे राहवत नाही. तेव्हा मुहूर्ताचे ते प्रमाण येथे निरुपयोगी ठरले. शेजारीणबाईंनी त्याच्या जागी दोन प्रमाणे योजली: रात्री पंखा लागेनासा झाला म्हणजे पंधरवडा ठरला, आणि त्या पंधरवड्यात नळाला पाणी येण्याचा वार पाहून दिवस ठरला. कारण हे कर्म पाण्याचे आहे. कोबी भिजवायला पाणी, तो तीनदा धुवायला पाणी, आणि मागाहून घंगाळी, पराती, फरशी धुवायला पाणी. पैठणजवळच्या ज्या जायकवाडी धरणाचे पाणी आम्ही पितो आणि १९७६ साली ज्याचे लोकार्पण झाले, त्याची मातीची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे. पण तेथून शहरापर्यंत येऊन ते आमच्या गल्लीत काही दिवसांच्या अंतरानेच उतरते. कोरियातील गृहिणी आकाशाकडे पाहून जो दिवस निवडते तो आमच्या शेजारीणबाई नळाच्या पाळीकडे पाहून निवडतात, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. पाणी येणार त्या पहाटे त्या माझ्या दारावर टकटक करून, “काकू, आज,” एवढेच म्हणाल्या. या दोन शब्दांखेरीज आमच्यात त्या वेळी बोलणे फारसे होत नसे. उरलेले काम हिंदी, थोडी इंग्रजी, त्यांच्या शाळकरी मुलाची दुभाषेगिरी आणि हातवारे यांवर चाले.

कोबी म्हणजे आपला गोल गड्डा नव्हे. लांबट, वीत-दीड वीत उंचीचा, बाहेरून हिरवा आणि आत पिवळसर होत जाणारा, पानांचे देठ रुंद व रसाळ असलेला तो कोबी आपल्याकडे हॉटेलांसाठी येतो आणि ‘चायनीज कोबी’ या नावाने विकला जातो. जाधववाडीच्या बाजार आवारात, भल्या पहाटे, हॉटेलांना माल पुरवणाऱ्या एका आडत्याकडे तो मिळाला. बाईंनी एकेक गड्डा दोन्ही तळव्यांवर तोलून पाहिला, अंगठ्याने बुडाशी दाबला, आणि जो आकाराच्या मानाने जड नाही तो बाजूस ठेवला. तिकडे दोन-तीन किलोचा गड्डा साधारण समजतात. येथले लहान होते, म्हणून त्यांनी संख्या वाढवली. मुळा मात्र त्यांना पसंत पडेना. कोरियाचा मुळा आखूड, जाड आणि गोडसर. आपला सडपातळ आणि नाकात जाणारा. शेवटी त्यांनी आमच्याच भाजीवालीकडचा कोवळा मुळा घेतला आणि त्याच्या तिखटपणाच्या हिशेबाने आले कमी घालायचे ठरवले. मला हा हिशेब पाहून मनापासून आदर वाटला. जिन्नस बदलला तर पदार्थ बिघडला असे न म्हणता बाकीच्या जिन्नसांची वजने त्याच्याभोवती फिरवून घेणे, हे पाककलेतले खरे पांडित्य होय.

मिरचीच्या बाबतीत ही परीक्षा सर्वांत कठीण होती. अमेरिका खंडात जन्मलेली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आली. कोरियात ती त्याच शतकाच्या अखेरीच्या सुमारास, बहुधा जपानमार्गे, पोहोचली, आणि किमचीत रुळायला तिला आणखी बराच काळ लागला. म्हणजे आपला ठेचा आणि त्यांची किमची, दोहोंचा तांबडा रंग इतिहासाच्या मापाने अलीकडचा आहे, आणि आज दोन्ही देशांत मिरचीवाचून स्वयंपाक ही कल्पनाच कोणाला सुचत नाही. पण तिची रीत दोन्हीकडे वेगळी. किमचीला लागते ती बिया काढलेली, जाड भरड दळलेली, तिखटापेक्षा रंग व गोडवा अधिक असलेली मिरची. आणि तिच्यातही यंत्राच्या उष्णतेवर वाळवलेल्या मिरचीपेक्षा उन्हात वाळवलेली तिकडे वरचढ मानतात व तिला दामही जास्त देतात. मोंढ्यातून आम्ही बेडगी मिरची आणली, कारण सुरकुतलेली साल, गडद रंग आणि बेताचे तिखट हे तिचे गुण कोरियन मिरचीच्या सर्वांत जवळचे आहेत. गच्चीवर जुन्या धुतलेल्या साडीवर ती पसरली तेव्हा बाई कितीतरी वेळ त्या उन्हात नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या गावी या महिन्यात ऊन असते, पण त्याला ऊब नसते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत न ढळणारे, वाऱ्याने न विस्कटणारे, कोणालाही न विचारता मिळणारे असे मार्गशीर्षातले ऊन हा त्यांना आमच्या शहराचा सर्वांत मोठा अहेर वाटतो, असे मुलाकडून त्यांनी मला सांगवले.

उन्हाने कडक झालेल्या मिरच्या कात्रीने मधोमध उभ्या कापून, परातीच्या काठावर आपटून, त्यांच्या बिया झटकण्याचे काम आम्ही दोघींनी केले. आपल्याकडे बियांसकटच मिरची कांडपाला जाते, त्यामुळे एवढा ऐवज झटकून टाकताना माझा हात अडखळत होता. तेव्हा बाईंनी बिया टाकू न देता माझ्या डब्यात भरून दिल्या, आणि त्या पुढे महिनाभर आमच्या फोडणीत उपयोगी पडल्या. गल्लीच्या टोकाच्या मिरची कांडपवाल्याला “जाड ठेवा” हे पटवणे मात्र अवघड गेले. बारीक, वस्त्रगाळ, बोटांना न जाणवणारी पूड काढणे हा त्याच्या हाताचा लौकिक. जाड पूड म्हणजे अर्धवट काम, असे तो म्हणत राहिला. पहिली मूठ पडताच यंत्र थांबवून बाईंनी ती चिमटीत घेतली, उजेडात धरली आणि मान डोलावली, तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. आता तो ही वेगळी जाडी नेमकी काढतो आणि ‘कोरियावाली’ असे त्या नमुन्याचे नावच त्याने ठेवले आहे.

कोबी मिठात घालणे हे किमजांगचे अर्धे काम. सुरीने गड्ड्याच्या बुडाला चार बोटे चीर द्यायची आणि पुढे सुरी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी तो फाडायचा. सुरी आरपार चालवली तर आतली कोवळी पाने चुरतात, हाताने फाडला तर प्रत्येक पान आपापल्या देठाशी धरून राहते. पाण्याच्या दहाव्या हिश्शाने खडेमीठ विरघळवून त्या खाऱ्या पाण्यात अर्धे गड्डे बुचकळून काढायचे आणि मग मूठभर कोरडे मीठ पानापानांच्या मधे, विशेषतः जाड देठांच्या बाजूला, पेरायचे. पानाच्या शेंड्याला मीठ लागत नाही, देठाला लागते. ज्याचा प्रतिकार अधिक त्याला मीठ अधिक. असे गड्डे कापलेली बाजू वर करून घंगाळात रचायचे आणि मध्यरात्री उठून खालचे वर, वरचे खाली करायचे. बाईंचा गजर वाजला तो भिंतीपलीकडून मलाही ऐकू आला, आणि मीही शाल गुंडाळून गेले. संध्याकाळी ताठ उभे असलेले ते गड्डे निम्म्या उंचीवर आले होते आणि त्यांच्या अंगचे पाणी घंगाळात उतरून वर चढले होते. मीठ पानांतले पाणी ओढून घेते, नासवणाऱ्या जंतूंना आवर घालते, आणि मिठाला सोसणारे जे जंतू पुढे आंबटपणा आणतात त्यांच्यासाठी जागा मोकळी करते. परंतु एवढे शास्त्र ठाऊक असले तरी किती वेळ हे घड्याळ सांगू शकत नाही. त्याची कसोटी एकच: देठ दुमडून पाहायचा. मोडला तर अजून वेळ आहे, वाकला तर झाले. पहाटे तो वाकला.

तीन पाण्यांतून निघालेला कोबी पालथा घालून निथळत ठेवला की सारणाची पाळी येते. तांदळाच्या पिठाची पातळ पेज शिजवून थंड करायची. कोरियात त्यासाठी चिकट जातीचा तांदूळ वापरतात, बाईंनी येथे इंद्रायणी दळून घेतला, कारण शिजल्यावर चिकटपणा धरणारा एवढा एकच तांदूळ त्यांना आमच्या दुकानांत सापडला. पेजेत मिरचीची भरड मुरली की ती फुलते आणि तिचा रंग उघडतो. मग लसूण, आले, कांदा आणि नाशपती एकत्र वाटून, आणि खारवलेल्या मासळीचा अर्क. मुळ्याच्या काड्या मी माझ्या विळीवर केल्या. बाई पाटावर विळीसमोर बसून पाहत राहिल्या, कारण त्यांच्याकडे पाते हलते आणि भाजी स्थिर असते. मुळा आधी नुसत्या मिरचीत चोळायचा, म्हणजे रंग त्याच्या अंगात बसतो. कांद्याची पात शेवटी, म्हणजे ती चुरगळत नाही.

येथे एक अडचण होती आणि ती माझ्या घरची होती. आमच्या थोरल्या जाऊबाई माळकरी आहेत, नाथषष्ठीला पैठण त्यांनी कधी चुकवलेले नाही. मासळीचा स्पर्श झालेले त्या घेणार नाहीत, आणि लसूण-कांदाही त्यांना वर्ज्य. मी हे संकोचाने सांगितले. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र ओळखीचे हसू आले. कोरियाच्या बौद्ध मठांत हीच पथ्ये शतकानुशतके पाळली जातात: मासळी नाही, लसूण नाही, कांदा आणि त्याच्या जातीच्या उग्र वनस्पती नाहीत. अशा पाच उग्र जिनसा तेथे वर्ज्य, आणि त्यांत चक्क हिंगाचीही गणना आहे, जो त्या देशात पिकतसुद्धा नाही आणि बौद्ध ग्रंथांच्या मार्गानेच त्या यादीत जाऊन बसला आहे. ती उणीव मठातले भिक्षू समुद्रवनस्पती, अळिंबी आणि आले यांच्या काढ्याने भरून काढतात. बाईंनी सामानातून वाळलेल्या समुद्रवनस्पतीची पट्टी काढली, वेगळ्या पातेल्यात तिचा काढा केला, वेगळी परात घेतली, हात साबणाने धुतले आणि जाऊबाईंच्या वाट्याचे दोन गड्डे सर्वांच्या आधी, सोवळ्याचे असावेत तसे, भरून ठेवले. आमच्या जाऊबाई त्या दिवशी शेवटपर्यंत गच्चीवर थांबल्या. कोणत्याही धर्मपरिषदेतून मला एवढे समाधान लाभले नसते.

मग भरण्याचे काम. गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी आल्या, लाल रबरी हातमोजे वाटले गेले, आणि मोठ्या घंगाळाभोवती आम्ही बसलो. अर्धा गड्डा डाव्या तळव्यावर आडवा घ्यायचा, सर्वांत बाहेरच्या पानापासून सुरुवात करून प्रत्येक पान उचलायचे, देठाकडून शेंड्याकडे सारण ओढत न्यायचे, थोडेसे दाबायचे, पुढचे पान. घाई केली तर आतली पाने पांढरी राहतात. सारण जास्त भरले तर पाणी सुटून चव पातळ होते. शेवटी बाहेरचे लांब पान गड्ड्याभोवती गुंडाळून त्याची मोट बांधायची आणि बरणीत, कापलेली बाजू वर, घट्ट रचायची. मधे हवा राहू द्यायची नाही, आणि तरीही बरणी काठोकाठ भरायची नाही, कारण आत जो वायू निर्माण होईल त्याला वर चढायला जागा हवी. काम चालू असताना एखादीने आतले पिवळे कोवळे पान तोडावे, त्यात सारण गुंडाळावे आणि शेजारणीच्या तोंडात घालावे, अशी तिकडची रीत आहे. बाईंनी पहिला घास मला भरवला. हात रंगलेले असल्यामुळे आपल्या हाताने कोणालाच खाता येत नाही, म्हणून प्रत्येकीला दुसरीच्या हातून खावे लागते; या साध्या अडचणीतून केवढे सौजन्य जन्मास आले आहे!

पुढचे काम जंतूंचे. प्रथम जे जंतू वाढतात ते आम्लाबरोबर वायूही सोडतात, त्यामुळे कोवळ्या किमचीला जिभेवर चुणचुणणारा ताजेपणा असतो. मग अधिक आम्ल सोसणारे दुसरे जंतू जोर धरतात आणि आंबटपणा खोल होत जातो. कोरियात पूर्वी मातीचे रांजण जमिनीत पुरून ही गती मंद ठेवीत. शहरांत सदनिका वाढल्यावर रांजण पुरायला अंगण उरले नाही, तेव्हा शून्याच्या आसपास स्थिर राहणारे खास किमचीचे शीतकपाट १९९५ च्या सुमारास तिकडच्या बाजारात आले आणि घरोघर पसरले. येथे ते नाही. मार्गशीर्षातल्या आमच्या दुपारी, सावलीतसुद्धा, दीड-दोन दिवसांत बरणीतून बुडबुडे वर येऊ लागले आणि लाल रस खालच्या परातीत उतरला. तिकडे जे सावकाश होते ते येथे झपाट्याने झाले, आणि नेहमीच्या शीतकपाटाच्या तळकप्प्यात गेल्यावरही त्या किमचीचा स्वभाव उतावळाच राहिला. बाईंनी पहिल्या चवीला डोळे मिटले, थोडा वेळ विचार केला आणि “आंबट. इथली,” असे म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. आईच्या बरणीतली चव आणण्याचा हट्ट सोडून या शहराच्या चवीची किमची त्यांनी त्या क्षणी स्वीकारली, असे मला दिसले, आणि त्यानंतर त्यांचे या गावातले चालणे-बोलणे अधिक मोकळे झाले.

त्यांची बाकीची सुखेही याच जातीची आहेत. मीठ-मिरची भुरभुरवलेला पेरू हातगाडीपाशी उभ्याने खाणे; उन्हाळ्यात शहाबादी फरशीवर अनवाणी बसणे, कारण त्यांच्या देशात घरची जमीन हिवाळ्यात खालून तापवलेली असते आणि जमिनीवर बसण्याची गोडी दोन्हीकडे तीच; पाणचक्कीच्या हौदाकाठी मुलाला घेऊन संध्याकाळ घालवणे; गुलमंडीवरची गरम इमरती. पौषात आम्ही त्यांना खुलताबादच्या बाजूला एका शेतावर हुरड्याला नेले. आगटीतली कणसे चोळून दाणे तळहातावर आले तेव्हा त्यांनी पिशवीतून लहान डबा काढला आणि कोवळ्या ज्वारीच्या त्या गरम दाण्यांबरोबर आम्ही सर्वांनी किमची खाल्ली. शेतमालकाने दुसऱ्यांदा मागितली, आणि भाकरीबरोबर तर ती ठेच्याची जागा घेईल असा निर्वाळा दिला.

पुढच्या वर्षी बाईंनी तांदळाच्या पेजेऐवजी ज्वारीच्या पिठाची पेज करून पाहिली. रंग किंचित मंदावला, पण सारण पानाला अधिक चिकटून राहिले, म्हणून निम्मी ज्वारी, निम्मी इंद्रायणी असे प्रमाण त्यांनी आता कायम केले आहे. मिरचीचीही व्यवस्था बदलली. ऐन हिवाळ्यात बेडगी महाग पडते आणि माल जुना असतो, हे ध्यानात आल्यावर त्यांची वर्षाची मिरची आमच्या मसाल्याच्या मिरचीबरोबरच फाल्गुनात मोंढ्यातून येते आणि चैत्राच्या उन्हात एकाच गच्चीवर वाळते. आमची देठे काढून, त्यांची देठे व बिया दोन्ही काढून. बिया अर्थात अजूनही माझ्याच डब्यात येतात.